उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर

मी, ताराचंद वल्द नत्थूजी डेकाटे, वय सव्वीस, धंदा शेती आणि सांगेल त्याचे कागद लिहून देणे, राहणार मौजा मोहगाव (लहान), तहसील व जिल्हा नागपूर, आज शुद्धीवर असताना, नशापाणी न करता, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर माझेच आहे. जेथे खोडले असेल तेथे बाजूला माझी सही असेल. जेथे सही नाही तेथे दुसऱ्या कोणी खोडले असे समजावे.

लिहिण्याचे कारण असे की, येत्या मंगळवारी, तारीख १४ रोजी, नागपूरच्या इस्पितळात माझ्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. पण त्यांनी माझी एका कागदावर सही घेतली आणि तो कागद मी दोनदा वाचला. किरकोळ गोष्टीचा तसा कागद नसतो.

आईवडील वारले आहेत. सख्खा भाऊ नाही, मूलबाळ नाही. म्हणून पुढे लिहिलेले सर्व माझे एकट्याचे आहे.

कलम पहिले. राहते घर, परसासह, माझी पत्नी कुसुमावती हिला द्यावे. मागच्या भिंतीची भेग विमानांच्या हादऱ्याने पडली असे गाव म्हणते. ती आमच्या लग्नाच्या आधीची आहे. त्या भेगेच्या नावाने सरकारकडे खोटा अर्ज करू नये.

कलम दुसरे. शेत खसरा नंबर ७०, विहिरीसह. हे मालिक मकबुजा हक्काचे आहे, म्हणून मला ते कोणासही देता येते. हेही कुसुमावतीस. या शेताच्या उत्तरेस ६९ हे सरकारी पडीत. दक्षिणेस ७१, जे माझा चुलतभाऊ मुकुंद याचे होते आणि आता सरकारकडे आहे. त्याबद्दल कलम पाचवे पाहावे.

कलम तिसरे. माझी दौत, टाक आणि शब्दकोश गावच्या शाळेस द्यावे. अट एकच: शाळेच्या पाटीवर ‘विद्यामंदीर’ लिहिले आहे, ते ‘विद्यामंदिर’ करावे. या शाळेत मी आणि मुकुंद चौथीपर्यंत एका बाकावर होतो. परीक्षेत मुकुंदाने ‘आशीर्वाद’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला. तिन्ही चुकीच्या होत्या, आणि गुरुजी पोट धरून हसले व त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाटीवर एकही चूक नव्हती. ती पाहून ते ‘ठीक’ म्हणाले. ती थाप मला अजून ऐकू येते.

कलम चौथे. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, आणि धाकटा दीर असला तर लोक आधी त्याच्याकडे बोट दाखवतात. मुकुंद माझ्याहून सात महिन्यांनी लहान आहे. त्याची बायको वारल्याला तीन वर्षे झाली. म्हणून मी येथे लिहिले होते की, कुसुमावतीने पाट लावला तरी घर व शेत तिचेच राहील, परंतु मुकुंदाशी लावल्यास राहणार नाही. ते वाक्य खोडलेले दिसेल. बाजूला सही आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मी ते तिला वाचून दाखवले होते. ती भाकर थापत होती.

“माह्या तं ध्यानातबी नव्हतं,” ती म्हणाली. “आता तुमीच नाव काढलं तं मले इचार करा लागन.”

“थट्टा करू नको वं.”

“मंग मरू नका. अंतर्गळानं कोनी मरते का? उठा, भाकर गरम हाये तवर खाऊन घ्या.”

मुकुंद बोलला की ती पदर तोंडाला लावून हसते. माझे बोलणे ती ऐकून घेते. ही तक्रार नाही, नोंद आहे. अट काढली.

कलम पाचवे. आधी सरकारचे धोरण मला समजले तसे लिहितो. सोनेगावच्या एरोड्रोमवर (गावात एरोडम म्हणतात, ते चूक) पूर्वी लहान विमाने गवतावर उतरत. लढाई सुरू झाल्यावर जड विमाने येऊ लागली, त्यांना लांब आणि टणक पट्टी हवी झाली. तेव्हापासून ती पट्टी दरसाल आमच्याकडे सरकते. उतरताना विमाने फार खालून येतात म्हणून पहिल्यांदा शिवेवरच्या आंब्यांचे शेंडे तोडले. मग पट्टीसाठी गिट्टी आणि मुरूम टाकायला जमीन पाहिजे झाली. प्रत्येक कागदावर ‘सार्वजनिक उपयोगाकरिता’ असे असते. सार्वजनिक म्हणजे कोण, असे मी मोजणीदारांना विचारले होते. ते सागरकडचे, हिंदी बोलणारे. म्हणाले, “तुमको छोड़के बाकी सब.”

गेल्या साली, १९४३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी चावडीवर लावायची मराठी यादी लिहायला मला घेतले, कारण माझ्या लिहिण्यात चूक नसते अशी माझी ख्याती आहे. चंपतराव कोतवाल साखळी धरत, मोजणीदार नंबर ओरडत, मी कच्च्या कागदावर लिहून घेई. गिट्टीच्या जागेसाठी ते ओरडले, “उनहत्तर!”

मराठी कानाला ‘हत्तर’ ऐकू आले की एकाहत्तर, बहात्तर, असेच आकडे सुचतात. हिंदीत उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर. मी ७१ लिहिले. येथपर्यंत ती प्रामाणिक चूक होती.

६९ मध्ये तरोट्याखेरीज काही उगवत नाही. ७१ मध्ये मुकुंदाची एकशे दहा संत्र्याची झाडे होती, पाच वर्षांची, पहिल्याच बहाराची. माझ्या ७० मध्ये मी दोनदा कलमे लावली, दोनदा वाळली. मधे फक्त एक बांध आहे. विहिरीचे पाणी मी मोजून दिले होते, खत वेळेवर घातले होते. मुकुंदाने काहीही मोजले नव्हते.

दुपारी घरी पक्की प्रत काढताना चूक माझ्या ध्यानात आली. माझा हात चूक पाहून थांबत नाही. कच्च्या कागदावर मी ७१ खोडून ६९ केले आणि बाजूला सही व तारीख घातली. त्याच वेळी मुकुंदाने पाठवलेली पहिल्या तोडीची टोपली कुसुमावती अंगणात घेऊन बसली होती. एक फोड तोंडात टाकून ती आतल्या बाजूला बोलली, “किती गोड हाये! आपल्या वावरात काहून नाई येत?”

पक्क्या प्रतीत मी ७१ लिहिले. अंकी आणि अक्षरी.

मोजणीदारांनी यादी ताडून पाहायला चष्मा काढला, मग परत ठेवला. “तुम्हारे हाथ का है,” म्हणाले आणि सही केली.

चावडीवर यादी लागली तेव्हा रुखमाबाईने मला हाक मारली. ती मुकुंदाची आई, माझी काकू. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. त्या झाडांना पहिली दोन वर्षे तिने डोक्यावरून पाणी नेले होते. “पाह्य बरं बापा,” ती म्हणाली, “आपलाच नंबर हाये का?” मी बोट ठेवून वाचले आणि म्हणालो, “आपलाच हाये, काकू.” आठ दिवसांत झाडे पडली आणि मुरुमाचे ढीग आले.

मला वाटले होते मुकुंद खचून खाली बसेल. तो तक्रार घेऊन थेट गोऱ्या साहेबाकडे गेला. त्याला इंग्रजीचे दहा-बारा शब्द येतात, तेही चुकीचे. साहेब हसला आणि त्याला नोकरी दिली. आता तो खाकी घालतो आणि खांबावर वारा दाखवणारी कापडाची नळी चढवतो. गेल्या दिवाळीत त्याला एका विमानातून फेरी मारून आणली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या बांधावर उभा राहून सांगत होता, “वरून तुह्यं वावर दिसलं गा दादा, रुमालाएवढं! अन् तू मुंगीएवढा. मी हात हालवला ना तुले!”

विमान मी ऐकले होते. मान वर केली नव्हती.

मी त्याला खड्ड्यात लोटले आणि तो आभाळात गेला. यावर काय करावे ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

कलम सहावे. तो कच्चा कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. एक मार्च रोजी नवा जाहीरनामा लागला: लढाईपुरत्या घेतलेल्या जमिनी आता कायमच्या ठेवायच्या आहेत, कारण लढाईनंतरही एरोड्रोम वाढवायचे आहे. कोणाची हरकत असल्यास पुराव्यासह ३१ मार्चपर्यंत द्यावी. त्यानंतर ऐकले जाणार नाही. गिट्टी आता संपत आली आहे, ढिगांमधून माती दिसू लागली आहे. ७१ चुकून घेतले याचा पुरावा तो एकच कागद, आणि ती चूक मला माहीत होती याचाही पुरावा तोच.

मी येथे लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर तो मुकुंदाला द्यावा. मग मी दिवस मोजले. चौदाला मेलो तर तेरावा सव्वीसला. तोवर पेटीला कोणी हात लावणार नाही. मुदतीला पाच दिवस उरतात. आणि वाचलो, तर पेटी कोणीच उघडणार नाही. मी उघडीन असा मला भरवसा नाही. मेल्यावर देणे मला बरे वाटत होते, कारण त्याचे तोंड पाहावे लागले नसते. म्हणून हे कलम मृत्यूची वाट पाहणार नाही. ते आजच अमलात येईल.

कलम सातवे. जे घडले ते. मुकुंदाला मी साक्षीदार म्हणून दुपारी बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. त्याने टाक उचलला.

“सही कुठं करू थे सांग. वाचाले लावू नको. तुह्या हातचं हाये म्हणजे बरोबरच असन.”

“पाचवं कलम वाच.”

“अंतर्गळ तुह्या पोटात हाये का डोक्यात गा, दादा?”

“वाच.”

तो बोट ठेवून वाचतो. त्याला फार वेळ लागला. एका शब्दापाशी अडला, मी सांगितला. मग तो पुन्हा वरून वाचू लागला.

“तुले तवाच मालूम होतं?”

“हाव.”

“बुढी तुले इचाराले आली तवाबी?”

“तवाबी.”

“मंग काहून?”

“तुह्यावर जळत होतो.”

“माह्यावर?” तो म्हणाला. “माह्यापाशी जळन्यासारखं काय होतं?”

मी सांगू लागलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मी पेटी उघडून कागद त्याच्या हाती दिला आणि त्याच्या नावाने हरकतीचा जो अर्ज मी सकाळीच लिहून ठेवला होता तोही दिला. अर्जात चूक नाही. त्याने दोन्ही खिशात घातले. टाक खाली ठेवला.

सर्व कलमे मी पुन्हा वाचून पाहिली. ती बरोबर आहेत.

लिहून देणार: सही, ताराचंद वल्द नत्थूजी डेकाटे.

साक्षीदार:

१. नानाजी वल्द रामाजी, शेजारी. सही.

२. मुकुंद वल्द दादाजी डेकाटे. (हे नाव खोडले. यांनी वाचले. सही केली नाही. सायकल काढून नागपूरच्या रस्त्याला लागले. आज रविवार आहे, कचेरी बंद आहे, असे मी ओरडून सांगितले, तरी वळून पाहिले नाही. चढावर माणसे उतरून सायकल हाती धरतात. तो उतरला नाही. बाजूला माझी सही.)

२. चंपतराव कोतवाल. अंगठा.

मुक्काम मोहगाव (लहान), तारीख १२ मार्च १९४४.