गोड्या पाण्याच्या विहिरीबाबत

मी, रंभाबाई पुंडलिक राऊत, राहणार केळवे, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, वय अदमासे सत्तर, माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून ही व्यवस्था राजीखुशीने करून ठेवते. मी सांगते आहे, देवू मास्तर लिहीत आहेत. डोके ठिकाणावर आहे.

घर व पानवेलीची वाडी यजमानांनी माझ्या नावे केली होती. त्यातले घर मुलगा विश्राम यास द्यावे. तो तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर वेल्डर आहे, बोईसरला खोली घेऊन राहतो आणि रविवारी घरी येतो. घरावर कौले त्यानेच घातली, रेडिओ आणला, मला मोटारीत घालून पालघरच्या डॉक्टरांकडे नेले. त्याच्या पगाराला मी नावे ठेवणार नाही. पण आला की जेवतो, झोपतो, आणि उठला की पुढे काय घ्यायचे तेवढेच बोलतो. सायकल झाली, आता फटफटी हवी. अरे बाबा, थांबायचे कधी? तर म्हणतो, "आई, तुला सुख बोचतं." बोचते खरे. बांधकाम एक दिवस संपेल, मग या सवयींना कोण पोसणार, हा घोर मला लागला आहे.

माझी बोरमाळ सफाळ्याला दिलेली मुलगी सुलू हिला द्यावी. ती मोडून दुकान वाढवायचे नाही. जावईबापूंनी हे दोनदा वाचावे.

वाडीच्या कोपऱ्यातली झोपडी जागेसकट मंगळीस द्यावी. ती आमच्याकडे विहिरीच्या रहाटावर रेडा हाकायला होती. जास्त मजुरी मिळते म्हणून बांधकामावर सिमेंट वाहायला गेली. मला राग आला. होळीला भेटली तेव्हा म्हटले, "काय मिळवलंस गं तिकडे?" म्हणाली, "बाय, आता रोज भात खातो आमी. तुमच्याकडं कधी रोज खाल्लेला?" काम सुटले तर तिला परत यायला जागा असावी.

शेजारी चंद्रभान चौधरी याने माझ्या तेराव्याला जरूर यावे, पण इंजिनाचे गुण गाऊ नयेत. त्याने विहिरीवर तेलाचे इंजिन बसवले आणि पहिल्या वर्षी त्याची वाडी अशी पिकली की आमच्या विश्रामचे डोळे फिरले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी खारे झाले. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. रहाट सावकाश उपसतो, तोवर गोडे झरे भरून येतात. इंजिन तळ गाठते आणि खालचे खारे पाणी वर ओढते. आता चंद्रभानची सून हंडा घेऊन आमच्या विहिरीवर येते, आणि तो ओटीवर बसून इंजिनाचे गुण गातो!

राहिली वाडी आणि विहीर. विश्रामला इंजिन हवे आहे. या विहिरीवर कोणी कधी इंजिन बसवू नये, असे मी लिहविणार होते. गेल्या आठवड्यात घरात तसे बोलले. सून शालू कधी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, रहाट रहाट करता, पन रेडा कोन हाकतं? मंगळी गेली, हे बोईसरला. पहाटंपासून मीच हाय ना! माझं मूल पोटातच गेलं, तरी चौथ्या दिवशी मी रहाटावर होते. कुनाला दिसलं नाय."

विश्रामच्या पगाराने घरात सगळे आले आणि त्याचे वाडीतले काम मात्र हिच्या अंगावर पडले. देवा रे, माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणून वाडी व विहीर शालू हिच्या एकटीच्या नावे द्यावी. विश्रामचा त्यावर हक्क नाही. इंजिनाचे तिनेच ठरवावे. मी तिला विचारले; खाली मान घालून म्हणाली, "बसवनार." तरीही तिलाच द्यावी. तिने रोज सकाळी पाणी जिभेवर घेऊन पाहावे आणि खारट लागले की इंजिन थांबवावे, एवढेच सांगणे. तेही बंधन नव्हे.

मास्तर, साक्षीदारांना आत घ्या. शालू रहाटावर आहे, तिला हाक मारू नका. माझे मन फिरायच्या आत अंगठा उमटवून घ्या.

रंभाबाई पुंडलिक राऊत, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. देवू गोविंद सावे, मास्तर. २. खंडेराव बाळा म्हात्रे.
मुक्काम केळवे, दिनांक ११ एप्रिल १९६७