खिसा तपासायचा राहिला

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय चिमणे,

तीन वर्षांत तुला वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी कान पकडते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे, आणि पत्राची सुरुवातच खोट्याने केली तर पुढच्या सगळ्या ओळी मला वाकड्या दिसतील. वेळ होता. सात वेळा लिहायला बसले. सातही पत्रं टेबलाच्या खणात आहेत. एकात माफी कमी पडली होती, एकात इतकी जास्त झाली होती की वाचणाऱ्याने मलाच पाणी आणून द्यावं. हे आठवं. हे परत वाचायचं नाही असं ठरवून लिहिते आहे, तेव्हा हसू नकोस.

बाकी मी होते तशीच आहे. इस्पितळाच्या धुलाई विभागात दिवसाला चारशे चादरी माझ्या डोळ्यांखालून जातात. रक्ताला गार पाणी, शाईला स्पिरिट, आयोडीनला वेगळं औषध. रसायनशास्त्राची पदवी याच कामी आली असं तू म्हणायचीस, ते अजून खरं आहे. नर्स मंडळी मला घाबरतात, कारण कोटाच्या खिशात पेन किंवा कागद राहिला की मी तो कोट उचलून थेट त्यांच्या वॉर्डात जाते. इस्त्रीवरच्या मावशी म्हणतात, "बाईंना स्वर्गात नेलं तर आधी ढगांवरचे डाग बघतील."

आणि रविवारचंही तसंच. चर्चच्या मंडळीत कुणाचा बाप्तिस्मा ठरला की तो ज्या टाकीत होतो ती शनिवारी मीच घासते. अकरा वर्षं झाली. फरशीच्या फटीतलं शेवाळ, पायऱ्यांचे कोपरे, सगळं लख्ख करते, मग लोक येतात, पाण्यात उतरतात, हसत-रडत बाहेर येतात, आणि मी मागच्या बाकावर बसून पायरीवर साबणाचा फेस तर राहिला नाही ना ते बघते. तू एकोणिसाव्या वर्षी उतरलीस तेव्हा घरातलं माणूस म्हणून टॉवेल धरायला मी उभी होते, आठवतं? तू भिजलेल्या मांजरासारखी वर आलीस आणि माझ्याच खांद्याला डोकं पुसलंस. टॉवेल कोरडाच राहिला. आई म्हणाली, "आता थोरलीची पाळी." थोरली म्हणाली, "तयारी झाली की." तेव्हापासून तीन पाळक बदलले, थोरलीची तयारी चालूच आहे.

आताचे पाळक पूर्वी गवंडी होते. बोलणं सरळ ओळंब्यात. त्यांनी या महिन्यात माझ्या बाप्तिस्म्याचं पुन्हा विचारलं, आणि मी त्यांना, तू ओळखशीलच, लेखी उत्तर दिलं. मी अजून लायक का नाही याची दोन पानं, क्रमांक घालून. गेल्या गुरुवारी ती पानं घेऊन ते थेट धुलाईत आले. वाफेत उभं राहून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं." मग मावशींकडे वळले. "काय हो, मळकी चादर आली की परत पाठवता का, आधी धुऊन आणा म्हणून?" मावशी इस्त्री न थांबवता म्हणाल्या, "मग आम्हाला काय शोभेला ठेवलंय?"

मी वाद घातला. घालणारच. म्हटलं, मग माणसाने काहीच करायचं नाही का? नुसतं फुकट घ्यायचं? ते म्हणाले, "हात पुढे करायचा. विश्वास म्हणजे तेवढंच. तुमचे दोन्ही हात भरलेले आहेत, एकात घासणी, दुसऱ्यात ही यादी. देव देणार कुठे?" मी विचारलं, मग टाकी घासू नको? "घासा की! आनंदाने घासा. पण आत जायचं तिकीट म्हणून घासू नका. ते केव्हाच काढून झालंय, आणि तुम्ही नाही काढलेलं." पानं त्यांनी मला परत दिली. मी ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि उरलेला दिवस त्यांच्या बोलण्यातली चूक शोधण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या यंत्राचं दार उघडलं आणि मावशींनी हाक मारली, "बाई, बर्फ पडलाय!" साठ पांढऱ्या चादरींवर कागदाचा भुगा. कुणाच्या खिशातला कागद म्हणून मी तावातावाने पुढे गेले, आणि गोळा झालेल्या कपड्यांतून माझाच एप्रन वर आला. सगळा विभाग जमला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा बाईंचा खिसा तपासायचा राहिला होता. "काय होतं एवढं त्यात?" मावशींनी विचारलं. मी इतकी गोंधळले होते की खरं तेच बोलले, "माझी पापं होती." मावशींनी ओला भुगा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. "अक्षर लागत नाही हो एकही," त्या म्हणाल्या. "गेली म्हणायची!" चिमणे, मी हसायला लागले ती थांबेचना. मावशी घाबरून खुर्ची घेऊन आल्या. मग आम्ही दोघी दुपारपर्यंत चादरी झटकत होतो, आणि मला एकदाही स्वतःचा राग आला नाही. हे मी रोजनिशीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे.

घरी गेल्यावर कपाटातून तुझं पार्सल काढलं. हो, तेच. आई गेल्यावर महिन्याभराने आलेलं, वर "ताईसाठी. उघड." असं लिहिलेलं. मिळालं का असं तू विचारलंस, मी "मिळालं" म्हटलं, आणि तू पुढे विचारलं नाहीस. मी ते उघडलंच नव्हतं. आधी तुझी नीट माफी मागायची, मग उघडायचं, असं ठरवलं होतं. तू दारात पोहोचलीस तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता कुणाला दाखवायला आलीस?" तू चप्पल काढलीस आणि मला मिठी मारलीस. माफी त्या वाक्याची मागायची होती, पण तेवढ्याचीच असती तर पहिलंच पत्र पोस्टात गेलं असतं. डॉक्टरांनी सोमवारी सकाळीच सांगितलं होतं, कळवायचं त्यांना कळवा. मी तुला फोन केला मंगळवारी संध्याकाळी. आई सावरेल असं वाटलं, हे मी सातही पत्रांत लिहिलं. खरं हे आहे की दोन वर्षं तिचं सगळं मी केलं होतं, आणि शेवटचा दिवस मला एकटीला हवा होता. तो मी कमावला आहे असं मला वाटत होतं.

एवढं लिहायची हिंमत माझी नव्हे, तुझ्या पार्सलची. आत पांढरा मोठा टॉवेल निघाला आणि तुझी चिठ्ठी: "ताई, तुझ्या बाप्तिस्म्यासाठी. कधी घ्यायचा ते तू बघ, टॉवेल काही नासत नाही. फोन उशिरा केलास ते मला आई गेली त्याच दिवशी, मी दारात शिरण्याआधीच, शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. नवा टॉवेल पाणी टिपत नाही, हे तुझ्याकडून शंभरदा ऐकलंय, म्हणून तीनदा धुऊन पाठवते आहे. तू परत धुऊ नकोस." म्हणजे मिठी मारलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तीन वर्षं मी जे मागायची तयारी करत होते ते माझ्याच कपाटात, साड्यांच्या खाली, घडी घालून पडलं होतं. येत्या नव्हे, त्यापुढच्या रविवारी, सव्वीस तारखेला, मी टाकीत उतरते आहे. टाकी या वेळी मावशी घासणार आहेत. कोपरे राहतील, राहू देत. पायरीवर टॉवेल धरायला घरातलं माणूस लागतं. येशील ना?

तुझीच, अजून कोरडी,
ताई

ता.क. रोजनिशीची सवय सुटत नाही, म्हणून उद्याचं काम इथेच लिहून ठेवते. उद्या बुधवार, माझा कपडे धुण्याचा वार. काम एकच: टॉवेल न धुणे.