दोन सेलची बॅटरी

बाबा, तुमची ती दोन सेलची बॅटरी मी उघडली. तुम्ही गेल्यापासून बारा वर्षं ती आईच्या हातात होती आणि मी तिच्या वाटेला गेलो नव्हतो. आता गेलो, आणि पुढे जे झालं ते कुणाला सांगावं हे कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. चूक राहू नये म्हणून आधी कच्चं लिहून मग हे उतरवतो आहे. नववीत शाळा सुटली, पण ही सवय काही सुटली नाही.

माथेरानला दिवसभर हातरिक्षा ओढून तुम्ही संध्याकाळी जंगलातल्या पायवाटेने खाली उतरायचात, तेव्हा हीच बॅटरी तुमच्या पिशवीत असायची. पिशवीत धक्का लागून तिचं बटण सरकायचं आणि सेल फुकट जळायचे, म्हणून सकाळी निघताना तुम्ही एक सेल उलटा घालायचात. एक उलटा असला की ती लागतच नाही. उतरायच्या वेळी पुन्हा दोघांची तोंडं एका दिशेला करायची. मला आठवतं, मी सात-आठ वर्षांचा आहे, चुलीपाशी बसून तुमचे हात बघतो आहे. "बाबा, टोक आत की बाहेर?" मी विचारतो. "कसं पन टाक रं. दोगं एका दिशेला असले म्हंजे झालं. बल्बला काय कळतंय?" मी दोन्ही बाजूंनी घालून पाहिले. दोन्ही वेळा लागली. मग भिंतीवर बोटांचं हरीण नाचवत बसलो तेव्हा पाठीत धपाटा बसला. "सेल काय तुज्या मामानं पाटवले का?" तो धपाटा लक्षात राहिला बाबा, त्याच्या आधीचं वाक्य विसरलो.

मी आता कुंभिवलीला हायवेवर ट्रकांचे दिवे आणि हॉर्न दुरुस्त करायच्या दुकानात आहे. घरी पोचायला आठ वाजतात. आई एकटीच दिवेलागणीला मागच्या दारी शेळ्या आत घेते. तिच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदू आहे, आणि शेळी व्यायल्यावर ऑपरेशनचं बघू म्हणून ती दर वेळी पुढे ढकलते. पावसाळ्यानंतर म्हणायला लागली, "उजेड पिवळा पडतो रं, पायरी दिसत नाय." मी ठरवलं, बल्ब काढून एलईडी बसवायचा. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, ते माझी खटपट बघून म्हणाले, "शेळ्या आत घ्यायच्यात का इमान उतरवायचंय रं?"

मला कुठलीही गोष्ट घाईने करता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. साधे सेल दीड व्होल्टचे, दोन मिळून तीन. पांढऱ्या एलईडीला तीनच्या थोडे वर लागतात, म्हणून नवे सेल असेपर्यंत चांगला उजेड पडायचा आणि आठवड्याभरात विझत आल्यासारखा व्हायचा. चार्जिंगचे सेल घालून पाहिले, ते दोन मिळून अडीचसुद्धा भरत नाहीत, नुसता काजवा. चाचा म्हणाले लिथियमचा टाक. पण तुम्ही थकलेले सेल कौलांवर उन्हात ठेवायचात ना, आई अजून ठेवते. लिथियमचा सेल तसा तापला तर पेट घेईल, म्हणून तो नको. शेवटी व्होल्टेज वाढवून देणारं बारीकसं सर्किट पोटात असलेला एलईडी मिळाला, अगदी जुन्या बल्बच्या जागी बसणारा, चार्जिंगच्या सेलवर चालणारा. सोमवारी सुट्टी असते, तेव्हा सेल चार्ज करून मीच घालायचे. आईला बजावलं, "तोंडाकडे बघायचं नाही हं, डोळे दिपतील. उजेड पायाशी टाकायचा." पहिल्या संध्याकाळी ती कुडाच्या भिंतीवरच्या मुंग्यांची रांग बघत उभी राहिली. "दिवस उगवला रं!" इतकं खूश तिला मी तुमच्या मागे पाहिलं नव्हतं. नंतर रोज आल्यावर मी विचारायचो, उजेड पडतो ना? "पडतो रं. लई पडतो."

गेल्या महिन्यात ती मागच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. कर्जतच्या दवाखान्यातून रात्री तिचे कपडे न्यायला घरी आलो तेव्हा बॅटरी शेळ्यांच्या दाव्यापाशी पडलेली होती, बटण पुढे सरकवलेलं, आणि ती बंद. मला वाटलं आपटून तुटली. उघडली. दोन्ही सेल उलटे होते. सरळ घातले आणि लख्ख लागली.

आई तुमचीच रीत पाळत होती बाबा. सकाळी एक सेल उलटा करून बॅटरी खुंटीवर, संध्याकाळी चाचपून तोंडं एका दिशेला. कुठल्या दिशेला, हे लक्षात ठेवायची गरज तुमच्या बल्बने कुणाला कधी पडू दिली नाही. एलईडी मात्र सेल एकाच बाजूने घातले तरच लागतो. हे मला दुकानात झोपेत विचारलं तरी सांगता येईल, आणि मी ते आईला सांगितलं नाही. उन्हाचा विचार केला, डोळ्यांचा केला, याचा नाही. किती संध्याकाळी सेल सरळ पडले आणि किती संध्याकाळी ती विझलेली बॅटरी पायाशी धरून चालली, हे मला कळायला काही मार्ग नाही. तोंडाकडे बघायचं नाही हे मीच बजावलं होतं, मग बॅटरीच विझली आहे हे तिला कळणार कसं? दवाखान्यात तीच हळूच म्हणाली, "डोळं माजं कदी येतात, कदी जातात. तुला सांगितलं नाय. तू येवढी मेहनत केलीस."

ती डोळे तपासायला नाही म्हणते. आता काय उरलंय त्यात, म्हणते. हाड जुळत आलं, डॉक्टर उभं राहायला सांगतात, पण ती काठीला हात लावत नाही. एका वाक्याने तिचे डोळे तिला परत देता येतील. पण मग पाडलं कुणी, हेही तिला कळेल. रोज कुंभिवलीहून येताना ते वाक्य जुळवतो आणि उंबऱ्यापाशी गिळतो.

तुमचा जुना बल्ब मी कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवला होता. काल सोमवार, मी घरीच होतो. दिवेलागणीला तो परत बसवला आणि तिच्या खाटेपाशी गेलो. आधी लावून दाखवेन आणि मग सगळं सांगेन, असं ठरवलं होतं. बॅटरी तिच्या पायांकडे धरून म्हटलं, "आई, बघ." ती वर न बघताच म्हणाली, "दिसतंय रं पोरा. लई उजेड हाय."

मी अजून बटण सरकवलं नव्हतं. नंतरही सरकवलं नाही.