एका बारापुरती बारूद

मी, वॉरन एझ्रा क्लाइनफेल्टर, वय एकोणऐंशी, धंदा दुकानदारी, राहणार लूपर्स गॅप, पेनसिल्व्हेनिया, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते माझ्याच शब्दांत लिहून ठेवतो. माझी फुप्फुसे कामातून गेली असे डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही, आणि कान तर माझे कोणत्याही तरुणापेक्षा शाबूत आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी आर्डिथ, आणि ती माझ्या आधी गेली. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलाने लिहिले होते आणि त्यात माझे एकही वाक्य नव्हते. अंमलबजावणी मात्र त्याच वकिलाने करावी.

कलम १. दुकान आणि वरचे घर.

शिकारीच्या व मासेमारीच्या सामानाचे दुकान आणि त्यावरचे राहते घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे वडील कोळशाच्या खाणीत गेले ते परत आले नाहीत. मी रस्त्याच्या कडेला बर्फाच्या जुन्या पेटीत गांडुळे घेऊन बसत असे, गळाला लावायची. गिऱ्हाईक थांबले की मी बोलायचो कमी आणि ऐकायचो जास्त. कोणाला काय हवे, कुठला मासा कुठे लागतोय, कोणाचा कोणाशी बेबनाव आहे, सगळे त्या पेटीवर बसून कळत गेले, आणि त्यातून हे दुकान उभे राहिले. ते माझी मुलगी लॉर्ना हिला द्यावे. गेली कित्येक वर्षे तीच ते चालवते आहे. मी फक्त वरून खोकतो.

तिला दोन विनंत्या. पहिली: दुकानामागच्या लोखंडी पेटीतली खरी काळी बारूद विकणे बंद करू नये. परवाने, तपासण्या, कुलपे, ही कटकट मला ठाऊक आहे. आजूबाजूच्या दुकानांनी त्या कटकटीला कंटाळून नव्या, कमी काजळीच्या बारुदीचे डबे तेवढे ठेवले आहेत. पण चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, बंदुका घेऊन डोंगर चढणारी माणसे या खोऱ्यात आहेत तोवर त्यांना बारूद कुठून मिळणार?

दुसरी: कोणी ठासणीच्या बंदुकीसाठी ‘एकदम स्वच्छ जळणारी’ बारूद मागत आला आणि काडतुसांच्या बिनधुराच्या बारुदीकडे बोट दाखवू लागला, तर त्याला हात धरून बाहेर काढावे. तिचा जोर ठासणीच्या नळीला सोसत नाही. मी असे एकाला काढले होते. तो माझ्या नावाने खडे फोडत दुसरीकडे गेला, नळी फुटली, आणि आता तो डाव्या हाताने सही करतो.

वरच्या खोलीच्या जमिनीत, माझ्या पलंगाशेजारी, लोखंडी जाळी आहे. खालच्या शेगडीची ऊब वर यावी म्हणून बसवलेली. ऊब बेताचीच येते, बोलणी मात्र सगळी येतात. ती जाळी बुजवू नये.

कलम २. हत्यारे आणि शिडी.

सुतारकामाची हत्यारे ज्याला वापरता येतात त्याला लॉर्नाने द्यावीत. नुसती भिंतीवर टांगणाऱ्याला देऊ नयेत. माझी लांब शिडी शेजारी वर्लिन स्नूक याने मागून नेली आहे. ती त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र माझ्या अंत्यविधीनंतर, जेवणाच्या वेळी, चार माणसे ऐकतील अशा आवाजात, ‘वर्लिन, शिडी बरी आहे ना?’ एवढे विचारावे.

कलम ३. कॅम्प आणि बंदूक यांची हकिगत.

डोंगरावर आमची शिकारीची लाकडी झोपडी आहे, तिला आम्ही कॅम्प म्हणतो. ती मी आणि आर्डिथचा भाऊ एमेट शर्क अशी आम्ही दोघांनी बांधली. अर्धी माझी, अर्धी त्याची. आत भिंतीवर असते ती चकमकीची, ठासणीची बंदूक माझ्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेली आहे. स्वतःचा मुलगा असताना त्यांनी ती जावयाला, म्हणजे मला, दिली. एमेटने यावरून कधी शब्द काढला नाही, पण ती माझ्या हातात पाहिली की तो आभाळाकडे बघतो, हे मी पाहिले आहे.

नाताळानंतर जो हंगाम उघडतो त्यात कायद्याने फक्त चकमकीची बंदूक चालते. दोन वर्षांपूर्वी मला दम लागू लागला, मी कॅम्पवरच बसलो, म्हणून ती लॉर्नाने नेली. नळीत तिने दुकानातली नवी बारूद ठासली. माझ्या मुलीला मी मूर्ख म्हणणार नाही. चकमकीऐवजी तांब्याच्या टोपीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत तीच बारूद उत्तम चालते. काजळी कमी, सडक्या अंड्यांचा वास नाही, आणि दुसरी गोळी नळी न पुसता खाली उतरते. पण चकमकीची ठिणगी पडते नळीबाहेरच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर बारीक बारुदीवर, आणि रंजकाची आग एका बारीक भोकातून नळीत जाते. काळी बारूद तेवढ्यावर भडकते. नवीला त्याहून जास्त आच लागते.

समोर हरणाचा मोठा नर येऊन उभा राहिला. लॉर्नाने चाप ओढला. वाटीत भक्क झाले, नळी गप्प. तो नर तिच्याकडे बघत राहिला, मग शांतपणे निघून गेला. लॉर्ना नळी समोर रोखून तशीच उभी राहिली, बार उशिरा उडाला तर म्हणून. ते मीच तिला शिकवले होते. तेवढ्यात मागच्या झाडाआडून एमेटचे हसू आले.

संध्याकाळी कॅम्पमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला, “पोरी, तुझी बारूद स्वच्छ आहे हां, मानलं! जळलीच नाही तर घाण कुठून करणार?”

सगळे हसले. मीही हसलो, ते लॉर्नाने पाहिले.

ती म्हणाली, “आणि तुझी काळी जळते ना, मामा? मग मागच्या वर्षी ही बंदूक तू नेलीस आणि न धुता टांगलीस, ती कशी? आजोबांच्या नळीत गंज धरलाय. मी स्वतः बोळा फिरवलाय, लालभडक निघाला. नुसते काळीचे गोडवे गायचे, पाणी तापवायचं कोणी?”

त्यावर कोणी हसले नाही. एमेट लाल झाला, कारण ते खरे होते. खऱ्या काळ्या बारुदीची काजळी दमट हवा ओढते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर नळी खाते. आपल्या बापाच्या हातची बंदूक आपणच गंजवली, हे त्याला भाचीने चारचौघांत सांगितले.

“माझा अर्धा भाग फिलाडेल्फियाच्या क्लबला विकून टाकतो,” तो म्हणाला. “त्यांना घाल तुझी स्वच्छ बारूद.”

“विक. बाबांचा अर्धा माझ्याकडे आला की मी पण विकते.”

तेव्हापासून मामा-भाचीत बोलणे नाही. आर्डिथ असती तर एका जेवणात मिटवले असते. नववर्षाच्या दिवशी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे डुकराचे मांस आणि आंबट कोबी दोघांच्या ताटात वाढून ती मध्ये बसली असती. मला कोबी शिजवता येत नाही.

दोघेही माझ्याकडे येऊन निकाल मागतात. एमेट म्हणतो, “वॉरन, तिला सांग, ठिणगी म्हणजे काय ते.” लॉर्ना म्हणते, “बाबा, त्याला सांगा, गंज म्हणजे काय ते.” दुकानदाराला मत नसते, माल असतो, असे सांगून मी दोघांना वाटेला लावतो. खरे म्हणजे मी पायऱ्या उतरू शकत होतो तोवर दुकानामागे बाकावर बसून सगळ्या बारुदी उडवून पाहिल्या. प्रत्येक बारानंतर नळीतून पांढऱ्या कापडाचा बोळा फिरवून तो कपडे वाळवायच्या दोरीवर टांगला. वर्लिन स्नूकला वाटले मी म्हातारपणी धुण्याच्या ऑर्डरी घेतो. त्या दोरीवर जे दिसले ते असे की काळ्यातही काळी वेगळी असते. चांगल्या कोळशाची, बारीक दळलेली, नीट दाबून दाणे पाडलेली काळी बारूद चकमकीच्या ठिणगीवर लगेच पेटते आणि काजळी ओलसर, मऊ सोडते. ओल्या बोळ्याने ती निघून येते. धुवावी लागतेच, पण भांडावे लागत नाही. ही बारूद मी मागवून पेटीत ठेवली आहे, वरच्या कप्प्यात. दोघांपैकी एकालाही सांगितलेले नाही. मी सांगितले असते तर तो माझा निकाल झाला असता, आणि हरलेल्याने दुसऱ्या दिवशी अपील केले असते.

कलम ४. वाटणी.

बंदूक लॉर्नाला. रंजकाचे शिंग, ठासणीचा गज आणि नळी धुण्याची किटली एमेटला. कॅम्पमधला माझा अर्धा हिस्सा लॉर्नाला, परंतु पुढील अटीवर: माझ्या मृत्यूनंतर जो पहिला चकमकीचा हंगाम उघडेल, त्या सकाळी लॉर्ना आणि एमेट दोघांनी बरोबर डोंगर चढावा आणि कलम ५ प्रमाणे करावे. एक जरी आला नाही, तरी माझा हिस्सा आणि बंदूक दोन्ही गावच्या अग्निशमन दलाला जातील. दलाचे लोक कॅम्पमध्ये दर शुक्रवारी बिंगो खेळतील आणि बंदूक दलाच्या भिंतीवर, बिंगोच्या फळ्याच्या वर, खिळे मारून ठोकतील. त्यांच्या प्रमुखाशी माझे बोलणे झाले आहे. खिळे त्याने दाखवले.

वकिलाचे म्हणणे, ही अट कोर्टात टिकेलच असे नाही. लॉर्ना आणि एमेट कोर्टापर्यंत जरी एकत्र चालत गेले, तरी माझे काम झाले.

कलम ५. माझी राख.

मला जाळावे. राखेतली चिमूटभर बाजूला काढून उरलेली आर्डिथशेजारी पुरावी. ती चिमूट कॉफीच्या डब्यात घालून दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर ठेवावी. तिथून मला सगळे ऐकू येईल. हंगामाच्या सकाळी ती कॅम्पवर न्यावी. सासऱ्यांच्या बंदुकीत आधी बारूद, मग कापडाचा बोळा, मग मी, मग पुन्हा बोळा. गोळी घालू नये. नळी दरीच्या बाजूला, आभाळाकडे रोखावी. ठासायचे एमेटने, चाप लॉर्नाने ओढायचा.

नळीत कोणती बारूद घालायची ते दोघांनी एकमताने ठरवावे. एकमत होईपर्यंत मला डब्यातच ठेवावे. मला घाई नाही. एवढेच लक्षात ठेवावे की भरलेला माल परत मिळणार नाही. आयुष्यभर मी ऐकत आलो, एकदा तरी माझा आवाज दरीपलीकडे जाऊ द्या. मला फुसका जाऊ देऊ नका.

नंतर नळी त्याच दिवशी, तिथेच, किटलीत पाणी तापवून दोघांनी धुवावी. त्या काजळीत मीही थोडा असेन, तेव्हा काळजीपूर्वक. ते पाणी आर्डिथने कॅम्पमागे लावलेल्या सफरचंदाच्या झाडाला घालावे.

कलम ६. पुरवणी.

साक्षीदारांची वाट पाहत असताना, वरील कागद मांडीवर असताना, खाली दुकानाचे दार वाजले. पावले एमेटची होती. काउंटरवर लॉर्ना होती. जे ऐकले ते लिहून ठेवतो.

“तो झोपलाय का?” एमेटने विचारले.

“झोपलेत.”

“आणि कान?”

लॉर्ना हसली. दोन वर्षांत एमेटपुढे पहिल्यांदाच. मग ती म्हणाली, “काय हवंय, मामा?”

“चकमकीखाली घालायचं चामडं.” मग आवाज खाली आणून, “यंदा वॉरनला कॅम्पवर नेता येईल का?”

“जिना उतरवत नाही त्यांना. डोंगर कुठला?”

शेगडीचे दार वाजले, एमेटने आत लाकूड सारले.

“मग कोणीतरी जायला हवं,” एमेट म्हणाला. “कॅम्प असा उघडा कसा टाकायचा?”

“क्लबला विकणार होतास ना?”

“क्लबवाले फोन उचलत नाहीत.”

हे खोटे आहे. क्लबवाले त्याच्या मागे लागले होते. त्यांचा माणूस माझ्याच दुकानात येऊन एमेटचे घर विचारून गेला.

लॉर्नाने खणातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवले. टिनाचा आवाज होता. “हा डबा पेटीच्या वरच्या कप्प्यात सापडला. बाबांनी कधी मागवला कोण जाणे. काळीच आहे. मी मागे जाऊन उडवून पाहिली. लगेच पेटते.”

“आणि काजळी?”

“हा घे बोळा. बघ.”

एमेटने तो बहुतेक खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग म्हणाला, “हं. बापाच्या बंदुकीत घालायला हरकत नाही.”

“पण धुवायची तू.”

“पाणी तू तापव. मी धुतो.”

“गरम गरम धुवायची, मामा. नंतर नाही.”

“कळलं गं बाई!”

एवढे झाल्यावर एमेट चामडे न घेताच गेला.

सबब मी असे नमूद करतो: एकमत झाले आहे. त्या डब्यातली एका बारापुरती बारूद वेगळी काढून ठेवावी, हा हंगाम कितीही चांगला गेला तरी. कलम ४ मधील बिंगोची अट मी काढत नाही; दुकानात बोलणे वेगळे आणि डोंगर चढणे वेगळे. मी हे ऐकले होते, हे दोघांना हा कागद वाचून कळेलच. तेव्हा शरमू नये.

यंदा दोघे जाणार असे दिसते. मला कोणी बोलावलेले नाही, ते बरोबरच आहे. मी पुढच्या खेपेला येईन, नळीतून.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले.

सही: वॉरन एझ्रा क्लाइनफेल्टर

साक्षीदार:
१. जेनीव्ह फाउस्ट, पोस्टमास्तर, लूपर्स गॅप
२. ऑरिन डिट्झलर, न्हावी, लूपर्स गॅप (दोघांना या मृत्युपत्रात काही मिळत नाही, हे त्यांना आधी सांगितले. ऑरिनला वाईट वाटले.)

ठिकाण: दुकानावरची खोली, लूपर्स गॅप
दिनांक: २१ नोव्हेंबर २०१४