आप्पांचं रक्त

४ डिसें. ९६, बारामती, हॉस्टेल
आज वर्गात हिमोफिलिया, रक्त न थांबण्याचा आजार. बापाला असला तर मुलगे सुटतात, मुली मात्र वाहक. सगळ्या. मी दोनदा विचारलं. सर म्हणाले, "अगं, त्याच्याकडे एक्स एकच. दुसरा आणणार कुठून?" वर्ग हसला. मला कसलं हसू येतंय! आप्पांना तोच आजार. दादा ठणठणीत निघाला म्हणून घरचे खूश, घरातून गेलं म्हणतात. गेलं कुठं? माझ्यात येऊन बसलंय.

७ डिसें.
जेवण जात नाही. पौषाआधी सुपारी फोडायची, आत्याच्या सुधीरशी. मी मामाची मुलगी, लहानपणापासून ठरलेलंच. आणि सुधीर मला आवडतो, हीच पंचाईत. मुलगा झाला तर निम्मी भीती. दुसऱ्या कुणाशी केलं तरी तेवढीच. म्हणजे पळून जायलाही जागा नाही.

१४ डिसें., बावडा
आप्पांचा गुडघा परत सुजलाय. सांगून टाकलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "आक्काला बोलू नगंस. तिचा पयला जावळात गेला." आक्का म्हणजे आत्या. तिच्या पहिल्या बाळाचं जावळ काढताना वस्तरा लागला, रक्त थांबलंच नाही. आत्या आजही त्या न्हाव्याला शिव्या घालते. हे मला माहीत होतं, पण कधी जोडून बघितलं नव्हतं. आजीकडून आप्पांना, तसंच आत्यालाही. आणि आत्याकडून बाळाला... लिहवत नाही.

१५ डिसें.
सुधीर भिगवणचे मासे घेऊन हजर. त्याला सगळं सांगितलं. म्हणे, "मला काय झालंय?" तुला नाही रे बाबा, मला! जाताना म्हणाला, "आईला तूच सांग." शूर आहे अगदी.

२३ डिसें., इंदापूर
सांगितलं. आत्या मेथी निवडत होती. मी फक्त माझंच बोलले, बाळाचं नाव काढलं नाही. पण आत्या काय कच्ची आहे?
"तुज्या बापाचं तुला. मग माज्या आयचं मला?"
मी मान हलवली. रडू आवरेना.
"म्हंजी त्या न्हाव्याचं काय चुकलं न्हवतं."
उठली, पदर खोचला. "चल माज्यासंगं. म्हातारा अजून दुकानात बसतो."
मी मागनं पळत. सोमवार, दुकान बंद. आत्या पायरीवर बसून राहिली, उठेचना. उद्या परत यायचं म्हणाली.
सुपारीचं तिनं काढलं नाही. मीही नाही.