सात दिवसांचा रकाना भरून मिळणेबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
भेट-मंडळे विभाग,
सीमावर्ती वस्त्या पुनर्वसन कार्यालय,
बेर-शेवा.

अर्जदार : तिर्झा सबाग, वय ७१, राहणार गिवात-लूझ, पश्चिमेची ओळ, घर क्र. ३८.

विषय : भेटमार्गावरील थांबा क्र. ४, म्हणजे अर्जदाराचे राहते घर, यादीतून कमी करणे व एक सकाळ मोकळी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे संमतीपत्र, रकाना क्र. ९ (कोरा). २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, हेश्वान व किसलेव महिन्यांतील.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार गिवात-लूझ वस्तीत सत्तेचाळीस वर्षे राहत असून त्यांपैकी चोवीस वर्षे तिने गोठ्यात व पुढे गुडघे गेल्यावर धुलाईघरात काम केले आहे. सणाच्या त्या शनिवारी सकाळी हल्लेखोर वस्तीत शिरले. त्या दिवशी अर्जदाराचा नवरा एलिशा स्वतःच्या स्वयंपाकघरात मारला गेला. त्याबद्दल या अर्जात काहीही मागणे नाही. ती बाब कोणत्याच कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे.

२. त्यानंतर वस्ती रिकामी करून सर्वांना मृत समुद्राकाठच्या एका हॉटेलात ठेवण्यात आले. एलिशाची ओळख पटून त्याला मातीआड करण्यास एकोणीस दिवस लागले, तेही दुसऱ्याच गावच्या मातीत. मग अर्जदार आठव्या मजल्यावरील खोलीत सुतकाच्या सात दिवसांच्या बसण्यास बसली. आरसा झाकलेला, दिवा लावलेला, पायांत चपला नाहीत, दाराला कडी नाही. आपल्यात त्या सात दिवसांत आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, हे आपणास सांगणे नको.

३. पाचव्या दिवशी आपल्या कार्यालयातील एक मुलगी कागद घेऊन आली. बिचारी उभीच होती. परदेशातून आपले लोक धीर द्यायला येऊ इच्छितात, आपण घरी परतल्यावर त्यांना भेटाल का, असा प्रश्न कागदावर होता. त्या दिवसांत ‘नाही’ हा शब्द अर्जदाराजवळ नव्हता. तिने ‘होय’ लिहिले. खाली रकाना क्र. ९ होता : ‘किती दिवसांपर्यंत?’ तो तिने कोरा सोडला. किती दिवस, हे काय लिहायचे? दुःखात बसलेल्या घरी लोक सात दिवस येतात. अर्जदाराच्या आईकडे सात दिवस आले, आजीकडे सात दिवस आले. आठव्या दिवशी आलेल्याला आजी म्हणायची, “आता दूध न्यायला आला असशील तर भांडं दे.” जी गोष्ट सगळ्यांना माहीत ती कागदावर कशाला, असे वाटून अर्जदाराने पेन परत दिले. चूक झाली असेल तर ती एवढीच.

४. अर्जदार गेल्या एलूल महिन्यात घरी परतली. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारात बस उभी. कोरा रकाना आपल्या यंत्राने ‘मुदत नाही’ असा वाचला होता. तेव्हापासून शनिवार व सण वगळता रोज दोन ते पाच बसगाड्या येतात. पहिला थांबा फाटक, दुसरा भोजनगृह, तिसरा बालवाडी, चौथा अर्जदार.

५. येणाऱ्यांविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही, हे कृपया ठळक अक्षरांत नोंदवावे. माणसे समुद्र ओलांडून येतात, स्वतःच्या खर्चाने येतात, आणि खरोखर रडतात. मोन्तेविदेओचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. टेबलावर बटाटे होते, सुरी होती. बसले आणि सोलू लागले. पाऊण तास सोलत होते. जाताना म्हणाले, “आमच्याकडे, नदीपलीकडच्या शहरात, समाजाच्या इमारतीतही बॉम्ब फुटला होता. तीस वर्षं झाली. मी अजून बटाटे फार सोलतो.” असे रोज एक आले असते, तर अर्जदाराने हा कागद हाती धरला नसता.

६. परंतु बहुतेकांना हातांनी काहीतरी करून जायचे असते, आणि अर्जदाराच्या घरी करण्याजोगे तेवढे उरलेले नाही. टोरांटोच्या मंडळाने कुंपण पांढरे रंगवले. त्यांची बस वळते न वळते तोच आलेल्या दुसऱ्या मंडळाने ते निळे रंगवले. तिसऱ्यांनी पांढरा डबा सोबतच आणला होता. आजमितीस कुंपणावर नऊ थर असून फाटकाची कडी खाचेत बसत नाही. लिंबाच्या झाडाची छाटणी सहा वेळा झाली; आता ते झाड नसून खांब आहे. मधाचे केक इतके येतात की शेजारीण बत्या ते गोठ्याकडे पाठवते. बत्या ही अर्जदाराची चाळीस वर्षांची मैत्रीण असून तिची जीभ आपणही ऐकली असेल. ती म्हणते, “तिर्झा, दाराला तिकीट लाव ग. निदान छपराची गळती निघेल.” आणि मग म्हणते, “मला मात्र फुकट सोड हं.”

७. ज्या मंडळांना रीत माहीत असते, त्यांची गोष्ट आणखी अवघड. दुःखातले माणूस बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने तोंड उघडायचे नाही, ही रीत. किसलेव महिन्यात अडतीस जणांचे असेच एक शिकलेसवरलेले मंडळ आले. ते स्वयंपाकघरात, बोळात, पायऱ्यांवर उभे राहिले आणि अर्जदाराच्या बोलण्याची वाट पाहू लागले. अर्जदाराच्या मनात त्या दिवशी एकही शब्द नव्हता. चाळीस मिनिटे कोणी बोलले नाही. बसवाला भोंगा वाजवत होता. शेवटी अर्जदार म्हणाली, “कोणाला पाणी हवंय का?” तेवढ्यावर अडतीसच्या अडतीस रडले. पाणी मात्र कोणी घेतले नाही.

८. आता अर्जदारास जे सांगणे जड जाते ते. मार्गदर्शक म्हणून येणारी शाकेद ही मुलगी गुणी आहे, तिच्यावर कारवाई होऊ नये. अर्जदाराने त्या सकाळची हकीकत अंदाजे तीनशे वेळा सांगितली आहे. धुऊन धुऊन चादरीचा रंग जावा, तसे त्या शब्दांचे झाले आहे. दोन आठवड्यांपूर्वी अर्जदार सांगत होती : भोंगे वाजले, आम्ही सुरक्षा-खोलीत गेलो, एलिशाने आतून दाराची मूठ धरली, मग गोळ्यांचे आवाज. एवढे सांगून ती थांबली. तेव्हा दारातून शाकेद हळूच म्हणाली, “तिर्झा, किटली राहिली.”

राहिली नव्हती. गॅसवर किटली शिटी मारू लागली होती आणि त्या आवाजाने कोणी आत येईल म्हणून अर्जदारच एलिशाला म्हणाली होती, “बंद करून ये.” अर्जदाराने त्या दिवशी ती जाणूनबुजून गाळली होती. एक दिवस तरी तो स्वयंपाकघरात जाऊ नये, असे तिला वाटले होते. पण पंचेचाळीस माणसे वाट पाहत उभी होती. म्हणून तिने किटली सांगितली, आणि तो गेला.

९. यापूर्वीच्या अर्जांबाबत : पहिल्या अर्जाच्या चौकशीसाठी आपल्या कार्यालयाने एकोणीस जणांचे पथक पाठवले. ते बसने आले. त्यांनी हकीकत ऐकली, रडले, आणि केक ठेवून गेले. दुसऱ्या अर्जानंतर फोन आला. फोनवरचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, “बाई, मी आत्ता रकान्यात सात दिवस टाकून पाहतो.” मग बराच वेळ टकटक ऐकू आली. मग म्हणाला, “घेत नाही हो. सात दिवस कधीच होऊन गेलेत. मागची तारीख यंत्र घेत नाही. पुढची एखादी सांगा ना.” अर्जदारास पुढची तारीख सुचली नाही. तिने फोन ठेवला.

१०. आपण म्हणाल, अर्जदारास नेमके हवे काय? हवी ती एक फेरी. सातव्या दिवशी सकाळी कोणीतरी येऊन दुःखात बसलेल्याला म्हणते, “ऊठ.” मग ते माणूस उठते, चपला घालते, घराबाहेर पडते, गल्लीला एक वळसा घालून परत येते. तेवढ्याने ते जगात परत येते, निदान त्याचे पाय तरी येतात. हॉटेलात त्या सकाळी अकरा घरची माणसे उठायची होती. आमचे धर्मगुरू, रब्बी, खालच्या दिवाणखान्यात उभे राहून सर्वांना एकदमच “उठा” म्हणाले. त्यांचाही इलाज नव्हता. अकरा घरांत वाटलेल्या त्या शब्दातले अर्जदाराच्या वाट्याला किती आले, हे तिला अद्याप कळलेले नाही. ती उठून बोळाने चालली. डाव्या हाताला लिफ्ट, उजव्या हाताला नाश्त्याची रांग. रांगेतला कोणी म्हणाला, “मावशी, अंडी संपली.” तो वळसा झाला नाही. ती अजून बसलेलीच आहे.

११. अर्जदाराने प्रयत्न केला नाही असे नाही. गेल्या तेवेत महिन्यात एका मंगळवारी ती सातलाच निघाली. घरापासून भोजनगृह, तिथून गोठ्याची मागची बाजू, सुरूची झाडे आणि परत, चारशे पावले. झाडांपाशी पोचेतो पाठीमागे पावले वाजली. पहिली बस लवकर आली होती. एका बाईने डोळे पुशीत विचारले, “आम्हीही चाललो तर चालेल का?” नाही म्हणणे अर्जदारास त्या पाचव्या दिवसापासून जमलेले नाही. बेचाळीस जण मागून आले. कोणी गाणे सुरू केले. पुढच्या आठवड्याच्या छापील कार्यक्रमात नवी ओळ होती : ‘थांबा ४ (ब) : तिर्झासोबत शांत फेरी, वीस मिनिटे, आरामदायी बूट घालावेत.’

१२. तरी विनंती अशी की,
(अ) थांबा ४ व ४ (ब) रद्द व्हावेत.
(ब) रकाना क्र. ९ मध्ये यंत्र घेईल ती तारीख आपल्या मर्जीने भरावी, आजची चालेल.
(क) येत्या महिन्यातील कोणत्याही एका रविवारी सकाळी सात ते साडेसात वस्तीच्या फाटकातून एकही बस आत सोडू नये. शनिवार चालणार नाही, त्या दिवशी दुःख पाळत नाहीत.

१३. एक अडचण राहते. ‘ऊठ’ हा शब्द स्वतःला स्वतः म्हणता येत नाही. बत्याला विचारले, तर ती म्हणाली, “मी म्हटलं तर मला हसू येईल, मग तुला येईल, मग आपण दोघी रडू, आणि झालं, पुन्हा बसलो.” शाकेदला सांगितले, तर ती त्याची नोंद करील. मुलगी ओर्ना दूर मेलबर्नला आहे. तिला फोनवर म्हणायला सांगितले. तिच्याने म्हणवले नाही.

म्हणून अर्जदाराची विनंती आहे की, त्या रविवारी आपण स्वतः यावे. एकट्याने यावे. काही आणू नये. घरात येण्याची गरज नाही, रडण्याची तर मुळीच नाही. बाहेरूनच, दुसऱ्या कोणाला नाही तर अर्जदारालाच उद्देशून, नाव घेऊन म्हणावे : “तिर्झा, ऊठ.” तिला ऐकू येईल, कान अजून चांगले आहेत. पुढचे तिचे ती पाहील.

ती वळसा घालून येईतो आपण निघून गेलेले असावे.

उत्तराची वाट पाहणारी, थकलेली पण आपल्याशी भांडण नसलेली,

तिर्झा सबाग
(सही)

गिवात-लूझ, ११ शेवात