कल्याणचं रौप्यपदक आणि माझा आतला ताप

१० सप्टेंबर
पेपरात कल्याणचा फोटो. वाटूरचा कल्याण, शाळेत माझा बॅडमिंटनचा जोडीदार. भारताच्या पुरुष संघात! परदेशात मोठ्या क्रीडास्पर्धेला चाललाय. आनंदच आहे. मला जळजळ बिलकुल न्हाई. सकाळपासून होऊन राह्यली ती ॲसिडिटी.
स्मॅश त्याला मीच शिकवला.

१२ सप्टेंबर
ठरलं. रोज प्रॅक्टिस. तृप्तीला सांगितलं, बियाण्याचं दुकान गळ्यात पडलं, न्हाईतर संघात दोघं असतो. बायको असून तिनं विचारलं, मंग जिल्ह्याच्या निवडीत पहिल्याच फेरीत कसे हरलात? हॉलमध्ये उजेड बराबर नव्हता.

१५ सप्टेंबर
प्रॅक्टिस केली. कंबर धरली. शटल हलक्या दर्जाची.

२४ सप्टेंबर
उपांत्य फेरी जिंकलो. म्हणजे ते जिंकले. कल्याणला खेळवलंच न्हाई. बाकावर बसून टाळ्या. टाळ्या छान वाजवतो. आज जेवण गोड लागलं.

२६ सप्टेंबर
आमच्या मंठ्यात चौकात पडदा लावून फायनल. लोक म्हणले, तुम्ही त्याचे जोडीदार, खेळ समजावून सांगा. माइक दिला. माझाच मान होता.
पाच मॅचची लढत, दोन-दोन बरोबरी. आपल्या एकाचा पाय दुखावल्यानं शेवटची एकेरी कल्याणकडं. मी माइकवर स्पष्ट सांगितलं, याचा बॅकहँड कच्चा, हरणार. तिसऱ्या गेममध्ये दोन पॉइंटनी हरला. माझं तंतोतंत खरं ठरलं, पण एकानं शाबास म्हणलं न्हाई. पडदा लावणाऱ्या कडूबामामांनी माइक काढून घेतला. शेजारच्या केशरबाई तर पदर डोळ्याला लावून बसल्या. हरलेल्याचं एवढं कौतुक?

३० सप्टेंबर
रौप्यपदक घेऊन कल्याण मंठ्यात. हरून आलेल्याची जीपमधून मिरवणूक, हलगी, फटाके! तृप्तीला म्हणलो, ताप आलाय. चादर घेऊन पडलो. ती नवी साडी नेसून एकटीच गेली.

१ ऑक्टोबर
काल सत्कार आटोपून कल्याण थेट घरी आला. हार काढून खाटेवर ठेवले, माझ्या कपाळाला हात लावला. म्हणला, राजा, अंग तर गार आहे. मी म्हणलो, आतला ताप आहे.
तो हसला न्हाई. पायथ्याशी बसला. म्हणला, सगळे हार घालून राह्यले, पण तो शेवटचा पॉइंट डोळ्यासमोरून हालत न्हाई. कुणापाशी बोलू? मंग विचारलं, तू बघितली का मॅच?
मी म्हणलो, न्हाई रे, दुकानात गिऱ्हाईक होतं.
म्हणला, बरं झालं. तू तरी मला हरताना बघायला नको होतंस.
तृप्ती चहा घेऊन दारात उभी होती. एक कप त्याला दिला, माझा परत घेऊन गेली. आजही चहा मिळाला न्हाई.